डागबाई आणि कापडाच्या टपाची गाडी

माझ्या आत्याला सगळे डागबाई म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. उलट कुणी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ती क्षणभर इकडेतिकडे बघायची, ही आणखी कोण म्हणून.

सत्तावीस वर्षं ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. तळघरातली लांबलचक खोली, भिंतीला लागून वाफेचे पाइप, मधोमध दगडी हौद, आणि वरच्या मजल्यांवरून रोज सकाळी गाठोड्यांनी उतरणाऱ्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. चादर उलगडून आत्या डागावर एकदा नजर टाकायची आणि सांगायची: हे आयोडीन, हे रक्त पण कालचं, हे मलम, आणि हा चहा. पेशंटचा नाही, रात्रपाळीच्या नर्सचा. तिचं क्वचितच चुकायचं. रक्ताला थंड पाणी, तेलाला कोमट, आणि कशालाच घाई नाही, हे तिचं शास्त्र.

तिने लग्न केलं नव्हतं. "जमलं नाही," एवढंच म्हणायची, आणि त्यात दुःख शोधायला येणाऱ्याच्या हातात पिळायचा टॉवेल द्यायची. मी तिच्या भावाची मुलगी. कॉलेजसाठी तिच्या दोन खोल्यांत राहायला आले आणि सहा वर्षं राहिले. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं तिच्याच तोंडून, भांडी विसळता विसळता ऐकलेलं.

आत्या चौपन्न वर्षांची असताना हॉस्पिटलने धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. तळघराला कुलूप लागलं. पहिले दोन महिने आत्याने घरातलं धुता येईल ते सगळं धुतलं. पडदे दोनदा, माझं दप्तर तीनदा. शेवटी मी म्हटलं, "आत्या, आता मलाच भिजत घालशील." ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी उठून कोपऱ्यावरच्या गाड्या धुण्याच्या सेंटरवर गेली.

सेंटरचे मालक आमच्याच गल्लीतले. गळ्यापर्यंत रुळणाऱ्या दाढीमुळे सगळे त्यांना दाढीवाले म्हणायचे. त्यांना गाडी पुसायची फडकी धुवायला माणूस हवं होतं. आत्याने त्या फडक्यांच्या ढिगातलं एक उचललं, नखाने खरवडलं आणि विचारलं, "याने तुम्ही गाडी पुसता की घासता? यात वाळू आहे." दाढीवाल्यांनी तेच फडकं स्वतः खरवडून पाहिलं आणि तिला कामावर घेतलं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी ती गाडी आली.

लहानशी, दोन दरवाज्यांची, गडद निळी. पण वरचा टप पत्र्याचा नव्हता, काळ्या जाड कापडाचा होता. मागे गुंडाळून ठेवता येतो तसा. काळा म्हणायचा एवढंच. ऊन, धूळ आणि पक्ष्यांची कृपा यांनी तो राखाडी झाला होता आणि शिवणींच्या कडेने हिरवट शेवाळ धरलं होतं. गाडी चालवत होत्या साठी ओलांडलेल्या एक उंच, सडपातळ बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते, डावा हात मांडीवर, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि त्यांना सांभाळायला दिला होता.

सेंटरवर जोराच्या पाण्याचा पाइप एकाच माणसाच्या हातात असायचा, त्याला पाइपवालाच म्हणत. दोन पोरांचा बाप, कामाला वाघ, पण धीर नाही. "काचा वर घ्या बाई, दोन मिनिटांत चकाचक करतो," असं म्हणून त्याने फवारा थेट टपावर सोडला.

आत्या अंगणाच्या पलीकडे फडकी वाळत घालत होती. ती हातातलं टाकून धावली आणि गाडी आणि पाइपच्या मध्येच जाऊन उभी राहिली. एका क्षणात नखशिखांत भिजली.

"डागबाई, व्हा ना बाजूला!"

"आधी ते बंद कर. हे कापड आहे, पत्रा नाही! शिवण उसवेल."

ओरडा ऐकून दाढीवाले बाहेर आले. गिऱ्हाइकासमोर तमाशा नको म्हणून ते आत्यालाच गप्प करणार, तेवढ्यात गाडीची काच खाली झाली. बाई म्हणाल्या, "त्या बरोबर सांगतायत. मागच्या ठिकाणी असंच धुतलं, तेव्हापासून मागच्या कोपऱ्यात पाणी येतं."

"मग धुवायचं तरी कसं?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"कापड धुतात तसं," आत्या पदरातून पाणी पिळत म्हणाली.

त्या दिवशी तिला तीन तास लागले. आधी गाडी सावलीत घेतली. कोरडी धूळ मऊ ब्रशने झाडली, ज्या दिशेने वीण त्याच दिशेने. मग कोमट पाणी आणि सौम्य साबण, तोही नावाला. कपड्यांची पावडर तिने हातातही घेतली नाही. "त्याने पाणी अडवणारा थर निघून जातो कापडावरचा," ती म्हणाली. शेवाळाच्या जागी साबण थोडा वेळ मुरू दिला. मागची खिडकी मऊ प्लॅस्टिकची होती. तिला ब्रश लावलाच नाही, फक्त ओल्या मऊ फडक्याने टिपून घेतली. पाणी स्वच्छ उतरेपर्यंत हळू धारेने धुतलं, आणि मग बाईंना बजावलं, "पूर्ण वाळेपर्यंत टप मागे गुंडाळायचा नाही. ओलं कापड घडी करून ठेवलं की बुरशी धरलीच म्हणून समजा."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने कापड दोन बोटांत धरून पाहिलं होतं. वर जाड विणलेला थर, मध्ये रबराचा पापुद्रा, आत अस्तर. हॉस्पिटलात गाद्यांवर घालायचं मेणकापड तिने हजारांनी धुतलं होतं. "ही त्याचीच श्रीमंत बहीण," ती मला त्या संध्याकाळी म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर हसू दिसलं.

टप वाळत असताना बाईंनी ओळख करून दिली. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांचे यजमान लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, डावी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे सगळं नाही. एक शब्द राहिला.

"काका, पाणी देऊ?" आत्याने त्यांना विचारलं होतं.

"उद्या," काका म्हणाले.

आत्या गोंधळली. बाई म्हणाल्या, "त्यांना हवंय. 'उद्या' हाच एक शब्द आहे त्यांच्याकडे. भूक लागली तरी उद्या, माझा राग आला तरी उद्या. सुरावरून ओळखायचं."

आत्याने पाणी दिलं. ते पिऊन काका पुन्हा "उद्या" म्हणाले, या वेळी खालच्या पट्टीत. "हे आभार," आत्या म्हणाली. बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. त्यांच्या सख्ख्या जावेला हे चार वर्षांत जमलं नव्हतं.

तेव्हापासून दर महिन्याला गाडी यायची, आणि दाढीवालेही तिला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "ती डागबाईंची," म्हणायचे. वर्षातून दोनदा आत्या टपावर पाणी अडवणाऱ्या औषधाचा हात द्यायची. त्याआधी काचा आणि रंगवलेला पत्रा जुन्या चादरींनी झाकायची, कारण औषध तिथे पडलं की पांढरे ठिपके उठतात. दोन पातळ हात, मध्ये वाळायला पुरेसा वेळ. मग चुळकाभर पाणी टपावर सोडायची. ते कापडात न शिरता मण्यांसारखं गोल गोल उभं राहिलं की ती काकांकडे बघायची. काका उजवा अंगठा वर करायचे.

सेंटरवरचा पाइपवालाही हळूहळू लांब उभं राहून बघायला शिकला. एकदा मला म्हणाला, "तुमची आत्या गाडी धुते का बाळाला न्हाऊ घालते, तेच कळत नाही."

या वयात असली शौकीन गाडी का, हे आत्याने कधी विचारलं नाही. नातेवाईक मात्र तोंडावर म्हणायचे, म्हातारपणी चळ लागला. खरं कारण बाईंनी आपण होऊन सांगितलं. काकांचा डावा पाय वाकत नव्हता. साध्या गाडीत बसवताना त्यांचं डोकं वरच्या कडेला आपटायचं, ते अडकायचे, घाबरून ओरडायचे. सहा महिने ते घराबाहेर पडलेच नाहीत. मग बाईंनी कुणाचीतरी वापरलेली ही गाडी पाहिली. टप मागे टाकला की वर नुसतं आभाळ. सरळ उभं राहून काखेत हात घालायचा, त्यांना अलगद सीटवर टेकवायचं, मग पाय फिरवून आत घ्यायचे. आपटायला काही नाहीच.

"तीस वर्षं हा माणूस रस्त्यावर होता," बाई म्हणाल्या. "त्याला मी खिडकीशी कसा बसवून ठेवू?"

 त्या दिवशी टप धुऊन झाल्यावर आत्याने गाडीच्या दारांची रबरंसुद्धा एकेक करून पुसली, आणि ती लवचीक राहावीत म्हणून त्यांना ग्लिसरीन चोळलं. ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

चूक झाली ती दुसऱ्या वर्षी.

बाईंच्या घरासमोरच्या झाडाचा डिंक टपावर पडला होता. काकांच्या सीटच्या बरोबर वर, तळहाताएवढा, चिकट, त्यावर धूळ बसून काळा झालेला. आत्याने कोमट पाण्याने प्रयत्न केला, साबणाने केला, निघेना. खरं तर तिथे थांबायला हवं होतं. पण डाग निघत नाही हे डागबाईने कसं म्हणायचं? धुलाईखान्यात असल्या डागाला स्पिरिट असायचं. तिने फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि चोळलं. डिंक विरघळला. जागा स्वच्छ दिसू लागली, जरा जास्तच. बोट लावल्यावर तिला कापड तिथे थोडं मऊ लागलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण बाई घाईत होत्या, काकांना व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि आत्या गप्प राहिली.

तीन आठवड्यांनी व्यायाम आटोपून परतताना त्यांना मोठ्या पावसाने गाठलं. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. बाईंचं सगळं लक्ष समोरच्या काचेत. त्या तळहाताएवढ्या जागेतलं मधलं रबर स्पिरिटने खाल्लं होतं, तिथून पाणी झिरपलं आणि थेंब थेंब काकांच्या डाव्या खांद्यावर पडत राहिलं. डाव्या बाजूला त्यांना काहीच कळायचं नाही, ना गरम ना गार. तासभर ते भिजत बसले आणि त्यांना पत्ता नाही. घरी पोचल्यावर बाईंनी उतरवायला काखेत हात घातला तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं चिंब होतं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी छातीत कफ भरला म्हणून हॉस्पिटलात नेलं.

ही बातमी दाढीवाल्यांनी आणली. आत्या तेव्हा भाकऱ्यांची परात पुसत होती. तिने ती खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी विचारलं, काय झालं, तेव्हा तिने मला स्पिरिटचं सांगितलं.

"अगं, पण कुणाला माहितेय?" मी म्हटलं. मी एकवीस वर्षांची होते आणि मला ती सुटकेची वाट वाटली. "त्यांना वाटेल टप जुना झाला."

"मला माहितेय ना," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला ती हॉस्पिटलात गेली. ते तिचंच जुनं हॉस्पिटल. मी सोबत होते. काका झोपले होते, नाकाला नळी. आत्याची नजर सवयीने आधी चादरीवर गेली. चादर नीट धुतलेली नव्हती.  आत्या बाईंना बाहेरच्या बाकाकडे घेऊन गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तो डिंकाचा डाग मी स्पिरिटने काढला. मध्ये रबर आहे हे मला ठाऊक होतं. कापड मऊ पडलं हेही कळलं होतं. मी बोलले नाही."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. शाळेत पोरांना गप्प करणारी ती नजर असणार.

"डॉक्टर म्हणतात, नुसतं भिजल्याने असं होत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यांना गिळताना आधीपासून त्रास होता. खोकला होताच."

"डॉक्टर म्हणू देत," आत्या म्हणाली.

"तुम्ही आत्ता जा," बाई म्हणाल्या. "मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही."

आम्ही निघालो.  बसमधून उतरताना आत्या म्हणाली, "बरोबर बोलल्या त्या."

त्यानंतर सात आठवडे गाडी आली नाही. काका बरे होऊन घरी गेले एवढं दाढीवाल्यांकडून कळलं. आत्या सेंटरवर जायची, फडकी धुवायची, घरी यायची. पण घरात एक नवीनच उद्योग सुरू झाला. गावात गाड्यांच्या सीटा शिवणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांच्याकडे जाऊन तिने तसल्याच टपाच्या कापडाचे वाया गेलेले तुकडे मागून आणले. प्रत्येक तुकड्यावर आधी स्पिरिट चोळायची, म्हणजे मुद्दाम बिघडवायची, आणि मग दुरुस्त करायची. कधी आतून ठिगळ आणि रबरी सोल्युशन, कधी कड शिवून वर औषध. मग तुकडा बादलीवर ताणून बांधायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि बादलीच्या तळाला वर्तमानपत्र ठेवायचं. सकाळी उठल्याबरोबर पेपर ओला आहे का ते बघायचं. आमच्या मोरीत एका वेळी चार बादल्या असायच्या. मी आंघोळ शेजारणीकडे करत होते.

पहिले नऊ तुकडे गळले. ती त्या कारागिरांकडे जाऊन बसायची, विचारायची, पुन्हा करायची. ते म्हणायचे, "बाई, एवढा जीव नका काढू. नवीन टप टाकता येतो." ती म्हणायची, "टाकतील की. पण मला येत नाही असं नको." दहावा तुकडा दोन दिवस पाणी धरून कोरडा राहिला. आणि डिंक काढायचा खरा उपाय काय तेही त्यांनीच सांगितलं. बर्फ धरायचा. डिंक कडक होतो, मग नखाने टक्कन निघतो. आत्याने कपाळावर हात मारला.

एका रविवारी दुपारी दारावर थाप पडली. मी उघडलं तर भूगोलाच्या बाई. चालत आल्या होत्या, धाप लागली होती. आत्या आतून ओल्या हातांनी बाहेर आली आणि दारातच थबकली.

"आत या ना," मी म्हटलं. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, मोरीतल्या बादल्यांकडे पाहिलं. आत्याने न विचारताच सगळं सांगितलं. दहावा तुकडा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी तो चष्मा लावून बघितला. "मी खूप रागावले होते," त्या म्हणाल्या. "अजूनही थोडी आहे. उगाच खोटं कशाला बोलू?"

"नका बोलू."

"पण दुसऱ्या कुठल्या गाडीत ते बसत नाहीत. टॅक्सी आणली तर दार पाहूनच अंग ताठ करतात. आणि मी त्या टपाला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ शकत नाही. दोनदा माणूस बोलावला आणि दोनदा परत पाठवला." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही या."

मग आत्या सलग दोन दिवस त्यांच्या घरी गेली. मी पण गेले, सामान धरायला. घराला लागून छोटी शेड होती, तिच्यात गाडी. काकांना खुर्चीवर दाराशी आणून बसवलं होतं. बारीक झाले होते, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती.

आत्या कामाला लागायच्या आधी त्यांच्यापुढे जाऊन खाली बसली. "काका, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. मी चुकले."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी आपला चांगला हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला, जरा जोरातच पडला तो. आणि म्हणाले, "उद्या."

आत्याला तो सूर ओळखता आला नाही. तिने मान वळवून बाईंना विचारलं, "हे काय म्हणाले?"

बाई दाराला टेकून उभ्या होत्या. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "हा मीसुद्धा कधी ऐकला नव्हता." आणि चहा टाकायला म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पहिल्या दिवशी अस्तर उसवून आतून ठिगळ लावलं, सोल्युशन वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी बारीक टाक्यांनी अस्तर परत शिवलं आणि वरून संपूर्ण टपाला औषधाचे दोन हात दिले. ते पुरतं मुरावं म्हणून मध्ये एक दिवस कुणी गाडीला शिवलं नाही. मग चौथ्या दिवशी परीक्षा. आत्या स्वतः काकांच्या सीटवर जाऊन बसली, टप लावून घेतला, आणि बाईंना म्हणाली, "ओता." बाई स्टुलावर चढल्या आणि बागेच्या झारीने वरून पाणी घालू लागल्या. एक झारी, दोन झाऱ्या, तीन. आत्या मान वर करून, तळहात अस्तराला लावून बसलेली. एक थेंब नाही.

"उद्या! उद्या!" काका खुर्चीवरून ओरडायला लागले. उजव्या हाताने गाडीकडे दाखवत होते.

हा सूर आम्हा तिघींनाही कळला. त्यांना आत बसायचं होतं.

"अहो, आत्ता? सगळं ओलं आहे," बाई म्हणाल्या. पण ते ऐकेनात. मग आत्याने टप आधी पुसून कोरडा केला, मागे गुंडाळला, दोघींनी मिळून त्यांना आत बसवलं आणि टप पुन्हा वर आणून लावला. बाईंनी झारी भरली. कापडावर पाण्याचा तो बारीक, भरीव आवाज सुरू झाला. काका डोळे मिटून बसले. आत्या उघड्या दाराशी उकिडवी बसून त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून होती. त्यांना त्या बाजूचं कळत नाही, म्हणून तिने आपल्या हाताने पहारा ठेवला होता. बाई झाऱ्यांवर झाऱ्या ओतत राहिल्या. सहा झाल्या, सात झाल्या. खरं तर दोन पुरल्या असत्या.

त्यानंतर काका अडीच वर्षं जगले. त्या काळात ती गाडी किती फिरली याला गणती नाही. काकांच्या जुन्या बसच्या रस्त्यांवरून, घाटातून, नदीच्या पुलावरून. पुष्कळदा मागच्या अरुंद सीटवर पाय पोटाशी घेऊन आत्याही असायची, डोक्याला घट्ट रुमाल बांधून. पहिल्यांदा "माझं काय काम" म्हणून नाही म्हणाली होती. मग काका तिच्यासाठी थांबूनच राहायला लागले, म्हणून जावं लागलं. एका थंडीत काका झोपेतच गेले. बाईंनी आत्यालाच पहिला फोन केला.

पुढे कितीतरी महिने बाईंना गाडीकडे बघवत नव्हतं. त्यांनी तिच्यावर जाड आवरण टाकलं आणि शेडचं दार ओढून घेतलं. आत्याने महिनाभर वाट पाहिली. मग एका मंगळवारी गेली आणि म्हणाली, "तुम्ही बसू नका हवं तर. पण हे कापड कोंडून ठेवलं तर कुजेल. मी फक्त वारं देऊन जाते." दर मंगळवारी ती जायची, आवरण काढायची, टप उघडून ऊनवारं दाखवायची, ब्रश फिरवायची, पुन्हा झाकायची. बाई आधी खिडकीतून बघायच्या. मग पायरीवर येऊन बसायला लागल्या. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "तुम्हाला चालवता येते?"

"मला? सायकल येत नाही."

"बसा," बाई म्हणाल्या, आणि स्वतः मागचा-पुढचा विचार न करता काकांच्या सीटवर जाऊन बसल्या.

आत्या तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. बाईंनी तिला आधी कागदावर सगळं काढून शिकवलं, नकाशासारखं, बाणबीण दाखवून. मग शाळेच्या रिकाम्या मैदानात. क्लचवरून पाय सुटायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. बाई एकदाही ओरडल्या नाहीत, फक्त "पुन्हा" म्हणायच्या. लायसन्सच्या परीक्षेत आत्या दोनदा नापास झाली. पहिल्यांदा इन्स्पेक्टरला सांगून आली की तुमच्या गाडीच्या काचा घाण आहेत, समोरचं दिसत नाही. तिसऱ्यांदा पास झाली. फोनवर ओरडून सांगितलं तिने मला. आत्याला आनंदाने ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आता ती सदुसष्ट वर्षांची आहे. सेंटरचं काम सुटलं, बोटं दुखतात. पण पाइपवाल्याला तिने सगळं शिकवलं आहे, आणि कापडी टपाची गाडी आली की तो आधी हाताने कापड चाचपतो, मग पाणी घेतो. बाईंचे डोळे अलीकडे अधू झालेत, त्यामुळे गाडी आत्याच चालवते. बाई शेजारी बसून रस्ता सांगतात. समोरचं नीट दिसत नसलं तरी रस्ता त्यांना पाठ आहे.

मागच्या महिन्यात दोघी मला भेटायला माझ्या गावी आल्या, तीन तासांचा रस्ता. मी गॅलरीत उभी होते. खाली निळी गाडी येऊन थांबली, टप उघडा, दोघींच्या डोक्याला रुमाल. माझ्या घरापुढे गाडी लावायला छान जागा होती, पण तिथे रिव्हर्स घ्यावी लागली असती, आणि रिव्हर्स आत्याला अजूनही येत नाही. त्यामुळे ती अख्ख्या वस्तीला एक फेरी मारून दुसऱ्या बाजूने आली. तरी सरळ आत शिरता येईना, मग आणखी एक मारली. दुसऱ्या फेरीला मी जिन्याने खाली उतरले आणि गाडी सरळ आत घेता यावी म्हणून आवाराचं फाटक सताड उघडून, बाजूला होऊन उभी राहिले.